रेनो लाहतेलाचे एकेचाळीस डेक

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी रेनो लाहतेला कॉफीचा कप घेऊन घराच्या मागच्या डेकवर, म्हणजे भिंतीला जोडलेल्या उघड्या लाकडी ओट्यावर, आला, रोजच्यासारखा कठड्याला टेकला, आणि कठडा त्याला घेऊन खाली गेला. डेक कमरेएवढाच उंच होता, खाली रुंद पानांच्या रुबार्बचा वाफा होता, त्यामुळे एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचं जेवढं व्हायला हवं होतं तेवढं काही झालं नाही. रेनो पानांत उताणा पडला होता. त्याची बायको साइमी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली.

"लागलं का रे?"

"नाही."

मग ती जी हसायला लागली, ती खुर्ची ओढून बसेपर्यंत. "मी आधी विचारलं, मग हसले," असं ती आजही सगळ्यांना ठासून सांगते. रेनो म्हणतो, क्रम उलटा होता.

हा डेक त्याने स्वतः बांधलेला. आमच्या गावात, म्हणजे मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, लाकडाचं एखादं काम बघून "हे कुणी केलं?" असं कुणी विचारत नसे. रेनोनेच केलेलं असायचं. तरुणपणी तो तांब्याच्या खाणीत होता. खाण बंद पडली तेव्हा त्याच्या वयाचे निम्मे लोक डेट्रॉइटला गेले. रेनो गेला नाही. वडिलांचा हातोडा होता, साइमीच्या भावाची जुनी करवत होती, एवढ्यावर तो सुतार झाला. कोठारं, वाफेच्या अंघोळीचे सौना, जिने, होड्यांचे धक्के, जे लोक सांगतील ते. मग लोकांना घरामागे डेक हवेसे वाटू लागले. आमच्याकडे उन्हाळा तो केवढा, जुलै आणि ऑगस्टचा अर्धा. तेवढ्या दिवसांत कुणाला घरात बसायचं नसतं. पंधरा-सोळा वर्षांत रेनोने गावात आणि आसपास एकेचाळीस डेक बांधले. मी तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात नुकतीच लागले होते. चार इंची खिळ्यांची खोकी त्याने माझ्याकडून किती नेली असतील त्याला गणती नाही.

वाफ्यातून उठल्यावर रेनोने पहिलं काय केलं, तर पँट झाडली नाही, कठड्याचं तुटलेलं टोक हातात घेऊन बघितलं. खांब डेकला फक्त खिळ्यांनी जोडलेला होता, आणि खिळे गंजून काडीएवढे झाले होते. मग तो आत जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि डेकखाली शिरला. घराच्या भिंतीला एक जाड आडवी फळी ठोकलेली असते. डेकचा अर्धा भार तिच्यावर. रेनोने त्या फळीमागे, जिथे ती भिंतीला टेकते तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावा लागला नाही. लोण्यात सुरी जावी तसा गेला.

तो बाहेर आला तेव्हा साइमीचं हसू थांबलं, कारण त्याचा चेहरा बघितला तिने.

"काय झालं?"

"भिंतीला फळी नुसत्या खिळ्यांनी ठोकलीय मी. वर पत्र्याची पट्टी नाही. इतकी वर्षं बर्फ वितळून पाणी मागे मुरत राहिलं. लाकूड कुजलंय, साइमी. खिळे कशाला धरून आहेत कोण जाणे. सवयीने धरून असतील."

"मग नीट कर. सुतार आहेस ना?"

"हा एक नीट करेन गं." तो पायरीवर बसला. "पण मी सगळे असेच बांधलेत. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

तेव्हा सगळेच तसे बांधत. कुणी त्याला वेगळं सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी सांगितलं असतं ते आमच्या गावापर्यंत येत नव्हते. साइमीने त्याला हे बोलून दाखवलं. रेनो म्हणाला, "कोसळणाऱ्या डेकला काय माहीत तेव्हाची पद्धत काय होती ते?" मग म्हणाला, "लोकांनी मला जेवायला वाढलंय त्या डेकवर. पोरांचे वाढदिवस केलेत. मी पाठ थोपटून घेऊन घरी आलोय."

साइमीने त्याची टोपी आणून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "तर मग जा आणि सांग. इथे बसून रुबार्बला सांगून काय उपयोग?"

सोमवारपासून तो निघाला. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात टॉर्च, गुडघ्याला जुन्या गालिच्याचे तुकडे बांधलेले. दार वाजवायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "मी बांधलेला डेक बघायला आलोय. माझ्याकडून चूक झालेली असू शकते."

आता सांगा, सुतार पंचवीस वर्षांनी दारात येऊन असं म्हणाला तर लोक काय समजतील? बहुतेकांना वाटलं म्हाताऱ्याला काम हवंय. टिम्लिनच्या घरी तर नवऱ्याने दारातूनच सांगितलं, "रेनो, आम्हाला काही करून घ्यायचं नाही." रेनो म्हणाला, "मला काही करायचंही नाही. फक्त खाली शिरू दे." शेजारची बाई मला दुकानात येऊन म्हणाली, "साइमीला सांग गं, त्याला डॉक्टरकडे ने. तो लोकांच्या डेकखाली शिरून लाकडाशी बोलतो."

तो बोलायचाच. मी एकदा गेले होते त्याच्याबरोबर, म्हणून माहीत आहे. आधी तो डेकवर उभा राहून टाचांवर उड्या मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. मग कमरेने कठड्याला धक्का द्यायचा, नाचात बाई धक्का देते तसा. कठडा हलला की "हं" म्हणायचा. मग पायऱ्या, एकेक. मग खाली. भिंतीच्या फळीत खिळे आहेत की बोल्ट, तुळया धरणारे लोखंडी कोने गंजलेत का, खांबांचे पाय मातीत आहेत की काँक्रीटवर. मातीत असले की तिथे टोचायचा. चांगल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोकापुरता जातो आणि थांबतो. तसा थांबला की रेनो लाकडाला म्हणायचा, "शाबास, म्हाताऱ्या."

महिन्याभरात त्याने चौतीस डेक बघितले. काही लोकांनी आधीच बदलून घेतले होते, काही ठिकाणी छपराखाली असल्यामुळे लाकूड कोरडं राहिलं होतं. तिथे तो चार बोल्ट घालून यायचा. अकरा डेक मात्र वाईट होते. त्यातल्या सहा घरांनी ऐकलं, डेककडे उघडणारी दारं बंद केली. चौघांनी "बघू" म्हटलं. आणि उरलेला एक होता डोलोरेस बियांकेटीचा.

डोलोरेसची ओळख आमच्याकडे कुणाला करून द्यावी लागत नाही. तीस वर्षं ती शाळेत स्वयंपाक करायची. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसाने तिच्या हातचं खाल्लंय आणि तिच्या हातची पळी डोक्यात खाल्लीय. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची होती, नवरा एमिलिओ जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचं घर उतारावर. स्वयंपाकघराच्या दारातून निघालेला डेक पलीकडच्या टोकाला पुरता एक मजला उंच होता. वरून सरोवर दिसायचं. रेनोने बांधलेला हा सगळ्यात देखणा डेक. दर जुलैच्या पहिल्या शनिवारी बियांकेटींचा सगळा गोतावळा यायचा आणि डेकवर दाटीवाटीने उभं राहून फोटो काढायचा.

रेनो त्या आठवड्यातल्या मंगळवारी गेला.

"डोलोरेस, तुझा डेक बघायचाय."

"बघ की. पंचवीस वर्षं तिथेच आहे, पळून गेलेला नाही."

"खालून बघायचाय."

"खालून काय बघायचंय? वरून सरोवर दिसतं. खालून तुझं तोंड दिसेल."

रेनो तरी खाली गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा स्क्रूड्रायव्हरला भुसा चिकटला होता, ओला. "या शनिवारी कुणाला यावर उभं राहू देऊ नकोस."

"तूच म्हणाला होतास ना, यावर हत्ती नाचला तरी हलणार नाही?"

"हत्ती नाचला असता तर एक वेळ चाललं असतं. पस्तीस बियांकेटी नाचणार आहेत."

ती हसली नाही. हातातलं फडकं तिने खांद्यावर टाकलं. "ऐक रेनो. एमिलिओने ही एकेक फळी तुझ्यासोबत धरलीय. तू ठोकायचास, तो धरायचा. त्याचा अंगठा सुजला होता आठवडाभर. या डेकला कुणी हात लावायचा नाही. चल, नीघ."

साइमीने त्या दिवशी संध्याकाळी सुचवलं, गावच्या कचेरीत कळव. रेनो म्हणाला, कचेरीतला माणूस आठवड्यातून एक दिवस येतो, गुरुवारी, आणि हा गुरुवार सुट्टीच्या आधीचा, तो यायचाच नाही. "आणि मी एमिलिओच्या बायकोच्या दारात सरकारी माणूस पाठवू?"

शनिवारी दुपारी बियांकेटी जमले. डेट्रॉइटहून, विस्कॉन्सिनहून, एक तर पार टेक्सासहून. अंगणात टेबलं मांडली होती, एका पातेल्यात मीटबॉल उकळत होते. डोलोरेस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पळी वाजवून सगळ्यांना फोटोसाठी वर बोलवायला लागली, आणि तेवढ्यात तिच्या पुतण्याने, जिनोने, खालून हाक मारली, "काकू, इथे कुणीतरी बसलंय."

रेनो घरची घडीची खुर्ची घेऊन आला होता. डेकच्या बरोबर मधोमध, तुळयांच्या खाली, खुर्ची मांडून तो बसला होता. थर्मासमधून कॉफी ओतून घेत होता.

डोलोरेस घराला वळसा घालून खाली आली. अख्खा गोतावळा तिच्या मागे.

"ऊठ."

"नाही."

"हे माझं अंगण आहे."

"आणि हा माझा डेक आहे. मी बांधलाय. तुम्ही सगळे वर जा, फोटो काढा. मी एक शब्द बोलणार नाही. ठीक असला तर कॉफी संपवून मी घरी जाईन."

"आणि नसला तर?"

"तर आजपासून साइमीला जेवायला एकच पॅस्टी भाजावी लागेल."

कुणीतरी हसलं. डोलोरेसने मागे न बघता हात वर केला, आणि हसणारा गप्प झाला. शाळेतला हात होता तो. ती पुढे वाकली, जवळून बघितलं तिने. रेनोचे डोळे डोक्यावरच्या तुळयांवर खिळले होते. कप कलंडून कॉफी पँटवर सांडत होती, ते त्याला कळतही नव्हतं.

"तू खरंच घाबरलायस," ती म्हणाली. आवाज आता वेगळा होता.

"मला महिनाभर झोप नाही, डोलोरेस."

"मग बसलायस कशाला इथे?"

"दुसरं काय करू? तू ऐकत नाहीस." त्याने कप जमिनीवर ठेवला. "तुला एक सांगायचं राहिलंय. मंगळवारीच सांगणार होतो, जीभ उचलली नाही. ही फळी भिंतीला लावत होतो ना, तेव्हा एमिलिओ म्हणाला, रेनो, इथे बोल्ट घालू या का? आरपार. मी म्हटलं, कशाला, माझे खिळे पुरेत. तो पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, सुतार तू का मी? मग तो काही बोलला नाही. फळी धरून उभा राहिला."

डोलोरेसने पळी जिनोच्या हातात दिली आणि खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं.

"म्हणजे," डोलोरेस सावकाश म्हणाली, "एमिलिओचं बरोबर होतं?"

"पुरतं बरोबर होतं. माझं चुकलं."

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला मी त्या माणसाशी," डोलोरेस गोतावळ्याकडे वळून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड हसायला लागलं होतं. "नळ दुरुस्त करायला गेला, तळघर भरलं. रेडिओ उघडला, तो कायमचा मुका झाला. जन्मात एकदा त्याचं बरोबर होतं, आणि ते मला आज कळतंय! नऊ वर्षांनी! त्याला सांगू कुठे आता?" तिने डोळे फडक्याने पुसले, तेच फडकं रेनोच्या खांद्यावर मारलं. "ऊठ रे बाबा. कुणी जात नाही वर. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप घाला. फोटो गवतावर."

फोटो गवतावर निघाला. रेनोला पुढच्या रांगेत बसवलं, मीटबॉलचं ताट हातात देऊन. पण जिनोच्या डोक्यातून विषय जाईना. चाळिशीचा माणूस, जंगलात लाकडं ओढायचं काम, त्याला दोर आणि ओझं दिसलं की हात शिवशिवतात. "रेनोकाका, हा काढायचाच आहे ना? मग बघू तरी किती दम आहे." रेनोने आधी नाही म्हटलं. मग म्हणाला, उद्या कुणी पोर खेळत खाली शिरलं तर? त्यापेक्षा आज पडलेला बरा. त्याने सगळ्यांना पार रस्त्यापर्यंत मागे नेलं, मुंडकी मोजून घेतली, लांब दोर बाहेरच्या तुळईला बांधला आणि दुसरं टोक जिनोच्या ट्रकला. "हळू. अगदी हळू. नुसता ताण दे."

ट्रक हातभर पुढे गेला असेल. दोर ताठ झाला. करकर नाही, कडकड नाही. भिंतीतून खिळे असे निघाले की जणू कुणी बटणं सोडतंय, आणि सगळा डेक, एवढा मोठा, दमलेला म्हातारा खाटेवर बसतो तसा खाली बसला. मग धूळ. मग वरून एक कुंडी ठणकन पडली.

रस्त्यावर पस्तीस माणसं उभी होती. त्यांतल्या कितीजणांनी मनातल्या मनात स्वतःला त्या फळ्यांवर उभं केलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. टेक्सासहून आलेल्या भाचीने आपलं तान्हं छातीशी घट्ट धरलं. रेनो टोपी काढून उभा होता.

डोलोरेसच बोलली. "जिनो, ट्रक सुरू तरी केला होतास का रे?"

त्यावर जे हसू फुटलं ते थांबायला वेळ लागला.

मग ती रेनोपाशी गेली. "सोमवारी सकाळी सातला ये. नाश्ता इथे. आणि बोल्ट आण."

सोमवारी रेनो माझ्या दुकानात साडेसहालाच दारात उभा होता. अर्ध्या इंचाचे बोल्ट होते तेवढे सगळे त्याने नेले. बुधवारपर्यंत मला दोनदा नवा माल मागवावा लागला, कारण बियांकेटींचा डेक कसा बसला याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. "बघू" म्हणणारे चौघेही आले. टिम्लिनही आला, इकडेतिकडे बघत, आणि हळूच विचारलं, "रेनो हल्ली कधी भेटतो?" मी म्हटलं, "तुझ्या दारात भेटला होता की."

डोलोरेसचा नवा डेक तीन आठवड्यांत उभा राहिला. बियांकेटींतले सातजण सुट्टी वाढवून थांबले होते, आणि रेनो त्यांच्यावर खाणीतल्या मुकादमासारखा ओरडायचा. "पट्टी आधी! पत्र्याची पट्टी आधी, मग फळी! पाणी तुमच्यापेक्षा हुशार असतं!" प्रत्येक बोल्ट तो स्वतः आवळायचा, आणि आवळल्यावर डोलोरेसला बोलवून दाखवायचा. ती पिठाच्या हातांनी बाहेर येऊन बघायची. भिंतीच्या फळीतल्या पहिल्या बोल्टवर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा एमिलिओचा." रेनोने मान हलवली.

त्यानंतर दर वर्षी, बर्फ गेलं की मे महिन्याचा एक शनिवार रेनो चर्चच्या तळघरात बसू लागला. टेबलावर वेगवेगळ्या डेकमधून काढलेले लाकडाचे तुकडे, कुजलेले आणि चांगले. येईल त्याने स्क्रूड्रायव्हर उचलायचा, टोचून बघायचं, हाताला फरक कळेपर्यंत. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका," तो सांगायचा, "रंग चांगला असला की डोळे हुरळतात. हाताला फसवता येत नाही." पहिल्या वर्षी सहा माणसं आली. गेल्या वर्षी साठ आली, आणि कॉफीबरोबरचा वेलदोड्याचा पाव अर्ध्या तासात संपला.

गेल्या शरदात रेनोचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी सांगितलं, आता कशाच्याही खाली शिरायचं नाही. आम्हाला वाटलं, संपलं हे. पण साइमीने गालिच्याचे तुकडे स्वतःच्या गुडघ्यांना बांधले. ऐंशीच्या आसपासची बाई, अंगाने काडी, ती जिथे शिरते तिथे रेनो कधी शिरला नसता. तो बाहेर खुर्चीवर बसून विचारतो, ती आतून सांगते.

या मे महिन्यात ती दोघं चर्चच्या मागच्या लाकडी उतारापाशी होती, जिथून चाकांची खुर्ची आत नेतात. पास्टर वर उतारावर उभा होता. उतार त्याने स्वतः रंगवला होता, त्यामुळे जरा ऐटीत होता.

"काय दिसतंय?" रेनोने विचारलं.

"रंग छान आहे," उताराखालून साइमी म्हणाली.

पास्टरचा चेहरा खुलला.

"बाकी काही शिल्लक नाही," साइमी म्हणाली. "पास्टर, जरा बाजूला व्हा, तुम्ही कशावर उभे आहात ते मला दिसतंय."